वारा समोरून होता

१

जावयाला नावं ठेवायचा अधिकार जगात एकट्या आपल्याला आहे, अशी सासूबाईंची पक्की समजूत होती. अकरा वर्षांत त्यांनी तो अधिकार एक दिवसही वाया जाऊ दिला नव्हता. तो चहा फुरके मारत पितो, ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो, बूट दारातच असे सोडतो की येणारा तोंडावर पडावा. पण चौकशी अधिकाऱ्याने टेबलावरून पुढे सरकवलेल्या कागदात दुसऱ्याच कुणीतरी जावयाला नावं ठेवली होती. ती वाचून सासूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"वैमानिकाने वाऱ्याची दिशा विचारात न घेता, पाठीवर वारा घेऊन, झाडांच्या बाजूने उड्डाण केले. अपघात वैमानिकाच्या निष्काळजीपणामुळे घडला."

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मसुदा आहे, मॅडम," अधिकारी नाक पुसत म्हणाला. त्याला बाराही महिने सर्दी असावी, असा त्याचा चेहरा होता. "आज मंगळवार. शुक्रवारी सही होईल."

प्रकार थोडक्यात असा. डोंगरमाथ्यावर एक झकपक हॉटेल होतं. त्याच्या हिरवळीवर पांढऱ्या चुन्याने मोठ्ठा गोल काढलेला होता. तिथे ना विमानतळ, ना मनोरा, ना कर्मचारी. गोल, हिरवळ आणि एका उंच दांडीवर नारिंगी कापडाचा वाऱ्याचा मोजा, एवढाच सरंजाम. दांडीच्या टोकाला फिरत्या कड्यात अडकवलेली ही कापडी सुरळी वाऱ्यासरशी फिरते. तिची शेपटी ज्या दिशेला, तिकडे वारा चाललाय असं समजायचं. ती ताठ असेल तर वारा जोरात, लोंबत असेल तर मंद. हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन उडवायचं असतं, म्हणजे वाराच त्याला खालून हात देतो. वारा पाठीमागून आला की तेच यंत्र बसकण मारतं.

एकोणीस दिवसांपूर्वी, भर दुपारी साडेबाराला, जावयाने तिथून हेलिकॉप्टर उचललं. टाकी भरलेली, मागे एक नवपरिणीत जोडपं आणि त्यांच्या चार बॅगा. एका बाजूला मोकळी दरी, दुसऱ्या बाजूला फाटक आणि सुरूच्या झाडांची उंच रांग. वारा दरीकडून वर येत होता. जावई झाडांकडे निघाला, शेंड्यांना अडकला आणि कोसळला. जोडपं हाडं मोडून वाचलं. जावई गेला.

"तो मोजा बघितल्याशिवाय स्वयंपाकघरातूनसुद्धा उडाला नसता," सासूबाई म्हणाल्या.

"मोजा बरोबरच होता. हा बघा त्या दिवशी संध्याकाळी पाचला मी स्वतः काढलेला फोटो. अगदी मोकळा फिरतोय."

सासूबाईंनी फोटो नाकाजवळ नेला. चौतीस वर्षं त्या वेधशाळेत होत्या. दर तीन तासांनी वारा मोजायचा आणि लिहायचा, हे त्यांचं काम. तिथे असं बोललं जाई की बाईंच्या नाकाला वारा आधी कळतो आणि यंत्राला नंतर. एकदा त्या नुसत्या शिंकल्या तर शिपायाने धावत जाऊन खिडक्या लावल्या होत्या, आणि तासाभरात वादळ आलं होतं. (हे सांगणारा शिपाई फार खोटं बोलायचा, पण खिडक्या खरंच लावल्या होत्या.)

फोटोतल्या मोज्यावर चार उभ्या रेषा होत्या. नव्या शर्टावर असतात तशा, घडीच्या.

"हा मोजा किती दिवसांचा?"

"मॅनेजरच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षं जुना."

सासूबाईंनी फोटो परत केला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. वारा लागलेला मोजा एका दिवसात घडी विसरतो, आणि उन्हातला मोजा सहा महिन्यांत फिका पडून चहाच्या गाळणीसारखा होतो. म्हणजे साडेबारा ते पाच या वेळात, समोर हेलिकॉप्टर जळत असताना, कुणीतरी दांडीवर नवाकोरा मोजा चढवला होता.

घरी मुलगी खिडकीत बसली होती. एकोणीस दिवस ती तिथेच होती. रडली नव्हती, धड बोलली नव्हती. बोलली ती एकदाच, स्मशानातून आल्यावर: "सकाळी मी त्याच्यावर फोन आपटला, आई. तेच डोकं घेऊन तो उडाला."

भांडण कशावरून, तर सासूबाईंना कायमचं राहायला आणायचं की नाही यावरून. आणायचं असं जावई म्हणत होता.

सासूबाईंनी पिशवीत एक पातळ, चष्मा आणि गुडघ्याची गोळी टाकली. "दोन दिवस जाऊन येते."

"कुठे?"

"भांडायला," त्या म्हणाल्या.

२

हॉटेलचा मॅनेजर इतका गुळगुळीत होता की त्याच्यावर माशी बसली असती तर घसरलीच असती. मालक दौऱ्यावर आहेत, झालं ते फार वाईट झालं, आपण काय घेणार, हे तो एका दमात बोलला.

"खोली घेणार," सासूबाई म्हणाल्या. "आणि मोजा कुणी बदलला ते ऐकणार."

"मोजा? छे हो! दोन वर्षं तोच आहे."

मॅनेजर बोलता बोलता मागच्या भिंतीकडे बघत होता, म्हणून सासूबाईंनीही तिकडे पाहिलं. भिंतीवर मोठमोठे फोटो होते. नवरे, नवऱ्या, कंपन्यांचे साहेब, एक पैलवान, सगळे हेलिकॉप्टरला टेकून हसत होते. मागे दरी, आणि कोपऱ्यात नारिंगी मोजा. सासूबाईंनी बारा फोटो मोजले. बाराही फोटोंत मोजा ताठ होता आणि त्याची शेपटी दरीकडे होती.

चौतीस वर्षांत बारा वेळा सारखा वाहिलेला वारा त्यांना भेटला नव्हता. त्या पैलवानाच्या फोटोशी खुर्ची ओढून तिच्यावर चढल्या. मॅनेजरने डोळे मिटले. पैलवानाची शाल फाटकाकडे उडत होती आणि मोजा दरीकडे बोट दाखवत होता.

"मॅनेजर, तुमच्याकडे वारे दोन आहेत का? एक शालीचा, एक मोज्याचा?"

"फोटोग्राफरने काहीतरी... कॉम्प्युटरवर..."

तेवढ्यात मागून घोगरा आवाज आला. "अरे देवा! ताई, तुम्ही इथे?"

ते उस्ताद होते. एके काळचे नावाजलेले वैमानिक, जावयाला उडायला शिकवणारे. डोळे अधू झाले म्हणून लायसन्स गेलं. तेव्हापासून ते अशा आडवळणाच्या उतरण्याच्या जागा तपासायचे आणि "जागा सुरक्षित आहे" असं सही करून द्यायचे. चौकशीतही अधिकाऱ्याने त्यांनाच सल्लागार म्हणून घेतलं होतं. अंत्यसंस्कारात ते एवढे रडले होते की दोघांना त्यांना धरावं लागलं होतं.

"माझा सगळ्यात गुणी पोरगा हो," आताही त्यांचे डोळे भरून आले. "पण त्या दिवशी त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. घरातलं काहीतरी असेल. वैमानिकाने घरचं घरी ठेवावं."

ते 'घरातलं काहीतरी' सासूबाईंनी मनात टिपून ठेवलं. तरी त्यांनी खुर्चीवरून उतरायला त्यांचाच हात घेतला.

"तुम्ही होतात का त्या दिवशी?"

"असतो तर उडूच दिलं नसतं! दुसऱ्या दिवशी सकाळी धावत आलो."

३

पायथ्याच्या इस्पितळात नवरदेव पाय टांगून पडला होता. शेजारच्या खाटेवर नवरी, तिचा हात प्लास्टरमध्ये. लग्नाला महिना झाला नव्हता आणि दोघांत मिळून चालते हात तीन आणि चालते पाय तीन होते.

"तुमचे जावई फार चांगले होते, आजी," नवरदेव म्हणाला. "उतरलो तेव्हा मोजा कसा गरागरा फिरतोय ते त्यांनी आम्हाला दाखवलं. म्हणाले, हा माझा बॉस."

"उतरताना फिरत होता?"

"हो. मग आम्ही पायऱ्यांवर फोटो काढला. मॅनेजरच म्हणाले, काढाच. आणि निघताना..." तो थांबला.

"बोल बाबा. मी त्यासाठीच आलेय."

"निघताना ते दोनदा वर बघत होते. मला बोटाने दाखवलं. म्हणाले, वारा समोरून आहे, जोराचा आहे, मस्त निघू. आणि झाडांकडे वळले."

नवरीने चांगल्या हाताने मोबाइल पुढे केला. फोटोत ती पायऱ्यांवर उभी होती. तिचा लांब स्कार्फ फाटकाकडे फडफडत होता. मागे मोजा लोखंडाच्या कांबीसारखा ताठ, शेपटी दरीकडे.

"हा फोटो आणि उड्डाण यांत किती वेळ?"

"दहा मिनिटं. पुरती नसतील."

सासूबाईंच्या डोक्यात पत्ते जागच्या जागी बसू लागले. हिरवळ वाडग्यासारखी खोलगट. खाली उभं राहिलं की वारा अंगाला लागत नाही. जावयाला बाहेरचा वारा सांगणारं तिथे दुसरं काहीच नव्हतं. उतरताना मोजा मोकळा होता, म्हणून त्याने त्याच्यावर विश्वास टाकला. उडताना तोच मोजा अडकवलेला होता; डोंगरात वारा घटकेत उलटतो, त्याला तसंच वाटलं असणार. जिवंत असताना जावई त्यांचं एक ऐकायचा नाही, मोज्याचं मात्र ऐकायचा. ऐकला, आणि मेला.

"आजी, त्यांनी चूक केली असं पेपरात आलंय," नवरी हळूच म्हणाली.

"पेपरात पुष्कळ येतं. हा फोटो मला पाठव. आणि तू रोज दूध पी, हाड लवकर जुळतं."

४

हॉटेलच्या मागे धुलाईघर होतं. वाफ, साबण आणि इस्त्रीचा वास. तिथली धोबीण सासूबाईंच्याच वयाची, दंडाने मात्र दुप्पट. दोघींनी मिळून एक चादर घडी केली आणि ओळख झाली. माणसं चादरीच्या दोन टोकांना उभी राहिली की खोटं कमी बोलतात.

"मोजा ना? ताई, त्या मोज्याइतकी कांजी मी मालकाच्या कॉलरलासुद्धा घालत नाही. मालकाला तो लोंबलेला आवडायचा नाही. म्हणायचे, फोटोत मेल्यासारखा दिसतो. मग आत तारेची कडी शिवली. एक मोजा दांडीवर, एक माझ्याकडे धुण्यात. सोमवारी अदलाबदल."

"दुसरा आहे तुझ्याकडे?"

धोबिणीने कपाट उघडलं. पत्र्याच्या पाइपासारखा ताठ मोजा आत उभा होता, आता नमस्कार करेल असा.

"हा इथे आहे हे कुणाला माहीत आहे?"

"धुण्यात काय असतं ते धुणारीलाच माहीत असतं. सहा नंबरच्या साहेबांना तर माझं तोंडही माहीत नसेल. ते डोळ्यांवर चष्मा लावणारे, विमानवाले. फुकट राहतात, दर सहा महिन्यांनी आठवडाभर. व्हरांड्यात बसून सह्या करतात. माणसाला काळवेळ नको का हो, ताई? हिरवळीवर आग लागलीय, आम्ही बादल्या घेऊन धावतोय, आणि हा बाबा माझ्या हातात रुमाल देतो. म्हणे धुऊन दे, ग्रीस लागलंय."

सासूबाईंच्या हातातली चादर सुटली.

"त्याच दिवशी? दुसऱ्या नव्हे?"

"आग दोन दिवस नव्हती लागली, ताई. तो रुमाल अजून माझ्याकडे आहे. ग्रीस निघालं नाही. काळं, चिकट, जुनं ग्रीस."

म्हणजे उस्ताद तिथे होते. सगळं गाव आगीकडे धावत असताना ते दांडीकडे गेले होते; असलं ग्रीस तिच्या फिरत्या कड्यातच असतं. आगीत माणूस जळतोय, का पडला ते अजून देवालाही ठाऊक नाही, आणि त्या क्षणी ज्याला वाटलं की मोजा बदलायला हवा, त्याला आधीपासून माहीत होतं की जीव मोज्याने घेतलाय. आणि नवा मोजा या डोंगरावर मिळणार कुठे? मिठाच्या पुडीसाठी जिथे पायथा गाठावा लागतो, तिथे नवा मोजा फक्त जागा तपासणाऱ्याच्या पेटीत असणार.

५

माळी दांडीच्या आसपासच पाणी घालत होता. एकाच रोपाला, बराच वेळ. रोप पोहायला लागलं होतं.

"दांडी खाली घे," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला, बाई?"

"मला बघायचंय, तिला कुठे दुखतंय."

दांडीच्या तळाशी बिजागरी होती. खिट्टी काढली की चाळीस फुटांची दांडी आडवी होई. माळ्याने ती निमूट खाली घेतली. सासूबाईंनी टोकाचं फिरतं कडं बोटांनी चाचपलं. कड्यातून आणि दांडीतून आरपार एक भोक होतं, अंगठ्याएवढं. बाहेर गंज, पण भोकाची आतली कड आरशासारखी चकचकीत. तिथून काहीतरी रोज ये-जा करत होतं.

"यात काय घालायचास?"

माळ्याच्या हातातली पाण्याची नळी वळवळली. "मी काही केलं नाही बाई. माझी लेकरं आहेत."

"माझंही एक लेकरू आहे. खिडकीत बसलंय."

पुढच्या क्षणी तिथे नुसती नळी होती. माळी पळाला होता.

सासूबाई हिरवळीवर बसल्या. गुडघ्याची गोळी पाण्याशिवाय गिळली. एकट्या उस्तादांचं नाव घेऊन अधिकाऱ्याकडे गेलं तर काय होणार? एक रुमाल, एक भोक, एका पळालेल्या माळ्याची भीती. उस्ताद रडतील, अधिकारी नाक पुसेल, आणि शुक्रवारी सही होईल. मुलगी जन्मभर त्या खिडकीत बसेल.

"ठीक आहे," त्या दांडीला म्हणाल्या. "त्याने तुला खोटं बोलायला लावलं. आता माझ्यासाठी एकदा बोल."

मग त्यांनी दोन फोन केले. एक लंबूला. लंबू हा जावयाचा जोडीदार वैमानिक, अधिकाऱ्याला गुरुवारी डोंगरावर आणणारा-नेणारा. दुसरा अधिकाऱ्याला.

"हे नियमात बसत नाही, मॅडम," अधिकारी म्हणाला.

"हेलिकॉप्टर जमिनीवरून एक इंचसुद्धा उठणार नाही. ते तर नियमात बसतं?"

पलीकडून दोन शिंका ऐकू आल्या. "बसतं," तो शेवटी म्हणाला.

६

गुरुवारी भर दुपारी हिरवळीवर हेलिकॉप्टर उभं होतं, पाती अजून थंड. अधिकाऱ्याने शेवटची पाहणी केली, कागद बंद केले. "चला उस्ताद, तुम्हालाही खाली सोडतो."

उस्ताद खुशीत होते. सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, ताई. माणूस चुकतो."

"चुकतो खरा," सासूबाई म्हणाल्या.

ते मागे बसले, पट्टा बांधला, कानाला यंत्र लावलं. पाती फिरू लागली, गवत आडवं झालं. लंबूने अगदी सहज आवाजात सगळ्यांच्या कानात सांगितलं, "वारा समोरून आहे, जोराचा. फाटकाकडे निघतो."

उस्तादांनी सवयीने वर पाहिलं.

दांडीवर नारिंगी मोजा ताठ होता. शेपटी दरीकडे. पहाटे दोन म्हाताऱ्या बायकांनी दांडी आडवी करून तो चढवला होता, आणि लोखंडाच्या दुकानातून आणलेली एक वस्तू त्या भोकात ठोकली होती. समोर सुरूच्या रांगेत, जिथे शेंडे तुटले होते, तिथे आभाळाचं भोक दिसत होतं. आणि वर पायऱ्यांच्या कठड्यावर वाळत घातलेली चादर फाटकाकडे फडफडत होती.

"थांब," उस्ताद म्हणाले.

लंबूने इंजिनाचा आवाज वाढवला. यंत्र थरथरलं.

"थांब! अरे, थांब! बंद कर! पाठीवर वारा आहे! तो मोजा... आधी तो बोल्ट काढा! बोल्ट!"

लंबूने इंजिन बंद केलं. पाती सावकाश थांबली.

"कुठला बोल्ट, उस्ताद?" अधिकाऱ्याने विचारलं. पहिल्यांदाच त्याचं नाक मोकळं वाटलं. "माझ्या अहवालाची शंभर पानं झाली. बोल्ट कुठेच नाही."

"मला... दिसला इथून."

सासूबाई जवळ आल्या. "चाळीस फूट उंचावरचा अंगठ्याएवढा बोल्ट? ज्या डोळ्यांपायी लायसन्स गेलं त्या डोळ्यांना?" त्यांनी पिशवीतून रुमाल काढला. "हा तुझा. ग्रीस निघालं नाही. आग लागलेली असताना धुवायला दिलास. आणि तू तर दुसऱ्या दिवशी आलास ना?"

'तुम्ही'चा 'तू' झालेला सगळ्यांनी ऐकला.

अवजारांच्या खोलीचं दार किरकिरलं. माळी बाहेर आला, धोबिणीने दंडाला धरलेला. काल पळाल्यापासून तो त्याच खोलीत खतांच्या पोत्यांवर लपून होता. त्याला जेवण पुरवत होती तीच.

"मी सांगतो साहेब," तो अधिकाऱ्याला म्हणाला. "फोटो काढायचा असला की मी बोल्ट घालायचो. मालकाचा हुकूम, आणि भोक कुठे पाडायचं ते यांनीच दाखवलेलं. उडायच्या आधी काढायचा. त्या दिवशी मी काढायलाच निघालो होतो. हे व्हरांड्यातून ओरडले, राहू दे, उडतानाचाही फोटो निघू दे, मी त्याला रेडिओवर सांगतो. मग..."

"मग काय?"

"मग यांचं सूप आलं."

दूरवर मॅनेजर एका खांबामागे सरकत होता. लंबूने नुसतं बोट केलं आणि तो आहे तिथेच उभा राहिला.

"यांनी सांगितलं असेल असं मला वाटलं," माळी रडत होता. "नंतर म्हणाले, बोल्ट तुझ्या हातचा, फासावर तू जाशील. कुठे बोललास तर बघ."

उस्ताद हेलिकॉप्टरच्या पायरीवर बसले. आता त्यांचं वय दिसत होतं. "एका मिनिटाची चूक झाली हो. रेडिओ टेबलावरच होता. मी चमचा ठेवून उचलणार, तोवर तो उडालाच होता. मी मुद्दाम नाही..."

"मिनिट मी माफही केलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "पण मग तू उठलास. तो जळत होता, आणि तू त्याच्याकडे गेला नाहीस. दांडीकडे गेलास. नंतर एकवीस दिवस सगळ्यांना सांगत फिरलास की त्याचं मन घरात अडकलं होतं. हे तुला कुणी शिकवलं होतं? हेही सूपामुळेच?"

अधिकाऱ्याने मसुद्याचं शेवटचं पान काढलं, मधोमध फाडलं आणि दोन्ही तुकडे नीट घडी करून खिशात ठेवले. "पोलिसांना बोलावतो."

"बोलवा. डोंगर चढायला त्यांना तास लागेल. तेवढ्यात याचं एक काम राहिलंय."

७

त्यांनी उस्तादांना व्हरांड्यात नेलं. तेच टेबल, तीच खुर्ची. समोर स्वतः बसल्या आणि मोबाइल काढला.

"माझ्या मुलीला वाटतंय, तिने सकाळी फोन आपटला म्हणून तो मेला. तसं वाटायला तू मदत केलीस. आता तूच सांगायचं. तुझ्या तोंडाने."

"ताई, माझ्याच्याने नाही होणार."

"उडायला शिकवायचास तेव्हा पोरांना काय सांगायचास, भीती वाटली की? तेच स्वतःला सांग." त्यांनी नंबर लावला. "आणि ऐक. माफी मागायची नाही. अक्षरही नाही. ती भोळी आहे, मागितलीस तर देऊन टाकेल. आणि मला ती तुला मिळू द्यायची नाही."

घंटी गेली. पलीकडे मुलीचा वाळलेला आवाज आला. "आई?"

सासूबाईंनी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

उस्तादांनी सांगितलं. बोल्ट सांगितला, फोटो सांगितला, सूप सांगितलं. दांडीकडे गेलो तेही सांगितलं. दोनदा आवाज बसला. दोन्ही वेळा सासूबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि डोळ्यांनी म्हटलं, पुढे.

मग पलीकडे खिडकीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"निघताना त्याने वर बघितलं होतं?" मुलीने विचारलं.

"हो," उस्ताद म्हणाले. "दोनदा."

"म्हणजे त्याचं लक्ष होतं."

"पूर्ण लक्ष होतं. वारा समोरून आहे असं त्याला दिसत होतं. त्याने जे केलं ते बरोबर केलं."

पलीकडून आधी श्वास आला, मग एक हुंदका, आणि मग एकवीस दिवसांचं सगळं एकदम. ते रडणं इतकं मोठं होतं की उस्तादांनी चेहरा दोन्ही हातांत झाकला. त्यांचे ओठ हलले.

"पोरी, मला म..."

सासूबाईंनी बोट टेकवून फोन बंद केला.

"तेवढं नको," त्या म्हणाल्या, आणि स्वतः मुलीला फोन लावायला उठून बाहेर गेल्या.